मेदवृद्धि : एकाचें दुखणें कीं सर्वांचें?

आमच्या भाषेंत लठ्ठपणाला जितके गौरवाचे शब्द लाभले आहेत, तितके दुसऱ्या कोणत्याही विकाराला क्वचितच लाभले असतील. मूल जाडजूड असलें म्हणजे तें 'गुटगुटीत'. तरुण मनुष्य स्थूल होऊं लागला म्हणजे त्यानें 'अंग धरलें'. प्रौढ गृहस्थाचें पोट सुटलें म्हणजे ते 'खात्यापित्या घरचे'. उलट जो कृश तो 'पाप्याचें पितर'. हे शब्द उगीच जन्मास आले नाहींत. ज्या प्रांतानें १८७६-७८ चा दुष्काळ सोसला आणि १८९९-१९०० चाही सोसला, त्या प्रांतांतील आईला आपल्या लेंकराच्या हाडांवर मांस दिसावें असें वाटणें अगदीं स्वाभाविक होतें. अंगावरची चरबी म्हणजे घरांतील धान्याची कणगीच. ती भरलेली असली कीं पुढच्या सुगीपर्यंतची काळजी मिटली.

तथापि प्राचीन वैद्यांनीं या गोष्टीची दुसरी बाजूही ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आठ प्रकारच्या निंद्य शरीरांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार विस्तारानें केला असून, दोहोंत कृश त्यांतल्या त्यांत बरा, असा निर्णय दिला आहे. स्थूलतेचीं कारणें सांगतांना जड, गोड व स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोंप, निश्चिंत मन हीं तर दिलींच आहेत. परंतु अखेरीस बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली शरीराची घडण, हेंही एक कारण दिलें आहे. पुढें हें शेवटचें कारण बहुतेक लोक विसरले, आणि लठ्ठ मनुष्य म्हणजे खादाड व आळशी मनुष्य, एवढा सोपा निकाल समाजांत उरला. या निकालाविषयींच आम्हांस येथें चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण तो आमच्या वर्गांतील कोंवळ्या मुलांनाही रोज ऐकावा लागतो.

प्रथम लठ्ठ कोणास म्हणावें तें पाहूं. बेल्जम देशांतील आदोल्फ केतले या गणितज्ञानें १८३२ सालीं असें दाखविलें कीं, प्रौढ माणसांचें वजन त्यांच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. त्यावरून किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावयाचें अशी रीति निघाली. १९७२ सालीं अमेरिकेंतील अ‍ॅन्सेल कीज यांनीं तिला 'बॉडी मास इंडेक्स' हें नांव दिलें. आपण देहभारांक म्हणूं. उंची १.६० मीटर व वजन ६४ किलो असेल तर भागाकार बरोबर २५ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानें २५ पासून पुढें वजन अधिक, आणि ३० पासून पुढें लठ्ठपणा. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें गणित घरच्या मोठ्या माणसांसाठीं खुशाल करून पाहावें. स्वतःसाठीं मात्र करूं नये. वाढत्या वयांत हाच आंकडा वय पाहून, आणि मुलगा कीं मुलगी हें पाहून, निराळ्या कोष्टकावर लावावा लागतो, आणि तें काम डॉक्टरांचें आहे.

या मापानें जगाची मोजदाद केली असतां काय दिसतें? २०२२ सालीं सुमारें २५० कोटि प्रौढ माणसें अधिक वजनाचीं होतीं, व त्यांपैकीं ८९ कोटि लठ्ठ होतीं. लहानमोठे सर्व धरले तर दर आठ माणसांत एक लठ्ठ. १९९० पासून प्रौढांतील हें प्रमाण दुपटीहून अधिक झालें. पांच ते एकोणीस या वयाच्या मुलांत तें चौपट झालें. वजन प्रमाणाबाहेर असल्यामुळें जडणाऱ्या हृदयविकार, मधुमेह, कर्करोग इत्यादि रोगांनीं २०२१ या एका वर्षांत सुमारें ३७ लाख माणसें दगावलीं असा संघटनेचा अंदाज आहे. परंतु या सर्व आंकड्यांहून आमच्या मनास चटका लावून गेला तो दुसराच. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यांत युनिसेफ या संस्थेनें जाहीर केलें कीं, जगांतील शाळकरी वयाच्या मुलांत लठ्ठ मुलांचें प्रमाण शेंकडा ९.४ झालें असून कमी वजनाच्या मुलांचें प्रमाण शेंकडा ९.२ वर आलें आहे; म्हणजे लठ्ठांची संख्या उपाशांच्या संख्येपुढें गेली. २००० सालीं हींच प्रमाणें अनुक्रमें सुमारें ३ व १३ होतीं. ज्या पंचवीस वर्षांत ही उलथापालथ झाली, तीं आमच्या वाचकांतील पालकांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलीं आहेत.

एवढ्या अल्प काळांत साऱ्या पृथ्वीवरील मुलें एकाएकीं खादाड आणि आळशी झालीं, हें कोणास तरी पटेल काय? या प्रश्नाचें उत्तर शोधावयास एका अगदीं लहानशा देशाची हकीकत फार उपयोगी पडते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतों.

प्रशांत महासागरांत विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस नाऊरू नांवाचें बेट आहे. क्षेत्रफळ अवघें २१ चौरस किलोमीटर; वस्ती सुमारें बारा हजार. पूर्वीं येथील लोक मासे, नारळ आणि केवड्याच्या जातीच्या झाडाचें फळ यांवर निर्वाह करीत. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेटाच्या मध्यभागीं फॉस्फेटचा मोठा सांठा सांपडला, आणि १९०७ च्या सुमारास तें खणून परदेशीं नेण्यास सुरुवात झाली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील शेतांना या बेटाच्या पोटांतील खत मिळालें. दुसऱ्या महायुद्धांत जपानी सैन्यानें बेट घेतलें, आणि तेथील सुमारें बाराशें लोकांना शेंकडों कोस दूर ट्रुक बेटावर नेऊन मजुरीस लावलें. तेथें उपासमारीनें व रोगांनीं इतके मेले कीं, १९४६ च्या आरंभीं परत आले ते सुमारें साडेसातशें. हें ध्यानांत ठेवावें : या शतकाच्या मध्यास जे आजोबा-आजी होते ते अन्नान्न करून जगलेले लोक होते.

१९६८ सालीं नाऊरू स्वतंत्र झालें; पुढें लौकरच खाणी लोकांच्या हातीं आल्या, आणि दरडोई उत्पन्नांत हें बेट जगांतील अत्यंत श्रीमंत देशांत गणलें जाऊं लागलें. पैसा आला, परंतु जमीन गेली. मधल्या पठारावर खणून खणून दगडांचे सुळके तेवढे उरले. तेथें कांहीं पेरावें अशी सोय राहिली नाहीं. मग तांदूळ, मैदा, साखर, डब्यांतील मांस व गोड पेयें हीं सर्व जहाजांतून येऊं लागलीं. होडी घेऊन समुद्रांत जाण्याचें कारण उरलें नाहीं. वीस किलोमीटर घेराच्या बेटावर मोटारी मात्र आल्या. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास पॉल झिमेट या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनीं तेथील लोकांची तपासणी केली, तेव्हां प्रौढांपैकीं सुमारें एकतृतीयांशांस मधुमेह आढळला. त्या काळीं एवढें मोठें प्रमाण वैद्यकांत फार विरळ होतें. पुढें फॉस्फेट संपत आलें, ठेवी बुडाल्या, श्रीमंती ओसरली. लठ्ठपणा मात्र ओसरला नाहीं. कारण पडीक झालेली जमीन परत आली नाहीं, आणि स्वस्त अन्न म्हणून जहाजांतून येणारा तांदूळ व साखरच उरली. जगांत लठ्ठांचें प्रमाण सर्वांत मोठें असलेल्या देशांच्या यादींत नाऊरू अजूनही अगदीं वरच्या ओळींत आहे.

आतां विचार करा. ट्रुकहून हाडांचे सांपळे होऊन परतलेले लोक आणि त्यांचीं स्थूल झालेलीं मुलें-नातवंडें यांचें बीज एकच होतें. दोन पिढ्यांत बीज बदलत नाहीं. मनोनिग्रहही एका पिढींत होता नि दुसऱ्या पिढींत नाहींसा झाला, असें म्हणण्यास आधार नाहीं. बदललें तें भोंवतालचें जग.

शेजारच्या बेटांची गोष्ट याहून विलक्षण आहे. श्रीमंत देशांत मेंढीच्या पोटाकडचा चरबट भाग आणि टर्की पक्ष्याचें शेंपूट हीं फारशीं कोणी खात नाहीं. तीं स्वस्तांत या बेटांकडे पाठविलीं जात. फिजीनें २००० सालीं मेंढीच्या त्या भागाची विक्री बंद केली. सामोआनें २००७ सालीं टर्कीच्या शेंपटांवर बंदी घातली. परंतु जागतिक व्यापार संघटनेंत प्रवेश मिळविण्यासाठीं ती बंदी उठविण्याचें त्याला कबूल करावें लागलें, आणि २०१२ सालीं तो त्या संघटनेचा सभासद झाला. एका राष्ट्राच्या ताटांत काय पडावें, याचा निवाडा त्या राष्ट्राच्या स्वयंपाकघरापासून किती दूर होऊं शकतो, तें यावरून दिसतें.

कोणी म्हणेल, बाजारांत वस्तु आली म्हणून ती खाल्लीच पाहिजे असें थोडेंच आहे? मनुष्याला तोंड मिटतां येत नाहीं काय? हा आक्षेप रास्त वाटतो, म्हणून शरीराच्या आंत काय चालतें तें पाहिलें पाहिजे.

आपलें शरीर दुष्काळासाठीं घडलेलें आहे. खाल्लेलें अन्न खर्च होऊन उरलें तर तें चरबीच्या रूपानें पेशींत सांठवितां येतें; एक किलो चरबींत सुमारें ७७०० कॅलरी उष्णता सांठलेली असते. हा सांठा किती आहे याची बातमी मेंदूला पोंचविणारें एक द्रव्य चरबीच्या पेशींतूनच स्रवतें. न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठांतील जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनीं तें १९९४ सालीं शोधून काढलें. त्याला लेप्टिन म्हणतात. तें कमी झालें कीं मेंदू समजतो, दुष्काळ पडला. आणि भूक वाढवितो. इंग्लंडांत केंब्रिज येथील डॉक्टरांकडे दोन चुलतभावंडें आलीं होतीं : आठ वर्षांच्या मुलीचें वजन ८६ किलो, आणि दोन वर्षांच्या मुलाचें २९ किलो. त्यांना सतत भूक लागे. अन्न नाकारलें तर तीं आकांत करीत. त्यांच्या शरीरांत जन्मापासूनच लेप्टिन तयार होत नव्हतें, हें १९९७ सालीं सिद्ध झालें. पुढें त्या मुलीला तें द्रव्य सुईनें रोज देऊं लागले, तेव्हां तिची भूक आटोक्यांत आली, आणि वर्षभरांत तिचें वजन सोळा किलोंनीं उतरलें. उपदेशानें जें झालें नसतें तें एका द्रव्याच्या थेंबानें झालें. अशीं मुलें जगांत फार थोडीं असतात हें खरें, आणि बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तांत लेप्टिन भरपूर असतें. मेंदू त्याकडे लक्ष देईनासा होतो, एवढाच भेद. परंतु भूक ही केवळ इच्छेची दासी नव्हे, एवढें या उदाहरणावरून कळतें. वजन उतरूं लागलें कीं शरीर भूक वाढवितें आणि खर्च आंखडतें; म्हणूनच मोठ्या कष्टानें उतरविलेलें वजन वर्षा-दोन वर्षांत पुष्कळदां परत येतें. असा मनुष्य पाहून आपण हंसतों, पण तो रोज किती झगडतो हें आपणांस दिसत नाहीं.

अन्नाच्या प्रकाराचाही यांत मोठा हात आहे. ब्राझीलमधील साव पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनीं २००९ च्या सुमारास अन्नाची एक नवी वर्गवारी सुचविली : त्यांत किती साखर वा तेल आहे हें न पाहतां, तें कारखान्यांत किती मोडलें-जोडलें गेलें आहे हें पाहावयाचें. पुड्यांतील बिस्किटें, तळलेले कुरकुरीत पदार्थ, तयार शेवया, गोड शीतपेयें हीं या वर्गवारींतील शेवटच्या पायरीचीं. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेंत केव्हिन हॉल यांनीं २० माणसांना चार आठवडे ठेवून घेऊन, दोन आठवडे असें कारखानी अन्न व दोन आठवडे साधें शिजविलेलें अन्न दिलें. हवें तितकें खाण्याची मोकळीक होती, आणि पुढें ठेवलेल्या दोन्ही जेवणांतील साखर, चरबी, मीठ सारखें राखलें होतें. तरीही कारखानी अन्नावर तींच माणसें रोज सुमारें ५०० कॅलरी अधिक खाऊन गेलीं, आणि दोन आठवड्यांत जवळ जवळ एक किलो वाढलीं. साध्या अन्नावर तितकींच उतरलीं. हा प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. माणसें तींच, मनोनिग्रह तोच; ताट तेवढें बदललें. घरची भाकरी चावावी लागते, वेळ लागतो, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूस वेळेवर पोंचतो. पुड्यांतला पदार्थ जिभेवर विरघळतो, आणि निरोप पोंचण्यापूर्वीं पुडा रिकामा होतो, अशी आमची समजूत आहे.

श्रमाविषयीं एकच उदाहरण देतों. लंडन शहरांतील दुमजली बसगाड्यांवर ड्रायव्हर दिवसभर बसून असे, आणि कंडक्टर तिकिटें देत शेंकडों पायऱ्या चढउतर करी. डॉ. जेरेमी मॉरिस यांनीं १९५३ सालीं दाखवून दिलें कीं, ड्रायव्हरांपेक्षां कंडक्टरांत हृदयविकार कमी. तीन वर्षांनीं त्यांनीं कंपनीच्या शिंप्यांकडील विजारींचीं मापें मिळवून तपासलीं; ड्रायव्हरांची कंबर अधिक रुंद निघाली. तरुण ड्रायव्हरही कंडक्टरांहून थोडे जाडच होते, तेव्हां सगळा दोष खुर्चीचा म्हणतां येत नाहीं. परंतु ज्याला आपण आज चांगली नोकरी म्हणतों ती बहुतेक ड्रायव्हरचीच नोकरी आहे, कंडक्टरची नव्हे.

आतां आमच्या घरापाशीं येऊं. कारण पुण्यानें या शास्त्रांत जी भर घातली आहे ती पुष्कळ पुणेकरांनाही ठाऊक नसते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आपलें दोघांचें छायाचित्र छापलें. दोघांचाही देहभारांक २२.३, म्हणजे दोघेही सडपातळ. परंतु यंत्रानें मोजलें तेव्हां इंग्रज डॉक्टरांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, आणि पुणेकर डॉक्टरांच्या शरीरांत शेंकडा २१.२! वजनाच्या कांट्यावर दोघे सारखे; आंत एकाच्या ठिकाणीं स्नायु होते तेथें दुसऱ्याच्या ठिकाणीं चरबी. याच कारणानें आपल्या देशांतील तज्ज्ञांनीं २००९ सालीं भारतीयांसाठीं मर्यादा खालीं आणल्या : २३ पासून वजन अधिक, २५ पासून लठ्ठपणा, आणि कंबरेचा घेर पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटीमीटरांच्या आंत असावा. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढें पुढें आलेलें, अशीं मंडळी आपल्या ओळखींत पुष्कळ असतात. 'मी कुठें जाड आहें?' असें तीं म्हणतात. पोटाच्या आंतील ही चरबीच यकृतास व रक्तांतील साखरेस अधिक बाधक असते.

हें असें कां, याचा शोध याज्ञिकांनीं १९९३ पासून पुण्याभोंवतालच्या सहा खेड्यांत सुरू केलेल्या अभ्यासांतून घेतला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो. पुण्याचें बाळ सर्वच मापांनीं लहान होतें. परंतु त्याचे स्नायु व पोटांतील इंद्रियें जितकीं लहान होतीं तितकी त्याच्या पाठीच्या त्वचेखालची चरबी कमी नव्हती. म्हणजे शेतांत राबणाऱ्या, अपुरें खाणाऱ्या आईच्या पोटीं जन्मलेलें तें किरकोळ बाळही चरबी राखूनच जन्मास येतें. उपासमारीच्या जगासाठीं पोटांतच तयारी झालेलें असें मूल मोठेपणीं शहरांत येतें, बसून काम करतें, वडापाव आणि गोड चहावर दिवस काढतें. मग चाळिशीच्या आंतच त्याला मधुमेह गांठतो. हॉलंडांत १९४४-४५ च्या हिवाळ्यांत जर्मन सैन्यानें अन्न अडविल्यामुळें दुष्काळ पडला होता. त्या वेळीं जे पोटांत होते त्या मुलग्यांची एकोणिसाव्या वर्षीं लष्करासाठीं तपासणी झाली, तेव्हां गर्भाच्या पूर्वार्धांत उपास घडलेल्यांत लठ्ठपणा अधिक आढळला. तेव्हां दुष्काळ आणि लठ्ठपणा हे दोन निराळे शत्रु आहेत, असें समजण्यांत अर्थ नाहीं. पहिला येऊन गेलेल्या घरांतच दुसऱ्याला वाट सांपडते.

आपल्या देशांत दोन्ही एकाच वेळीं नांदत आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत प्रौढ स्त्रियांपैकीं शेंकडा १८.७ प्रमाणाहून कृश, आणि शेंकडा २४ प्रमाणाहून जड आढळल्या. पुरुषांत हे आंकडे १६.२ व २२.९ आहेत. एकाच चाळींत, किंबहुना एकाच घरांत, आई स्थूल आणि मूल खुरटलेलें, असें चित्र दिसतें. दोघांच्याही ताटांत डाळ, भाजी, दूध, अंडीं कमी असतात, आणि पोट भरण्यास जें सर्वांत स्वस्त तें अधिक असतें.

कारण जर समाजाच्या रचनेंत आहे, तर उपायही कांहीं अंशीं तेथेंच करावा लागेल, हें ओळखून कांहीं राष्ट्रांनीं पावलें टाकलीं. मेक्सिकोनें १ जानेवारी २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागें एक पेसो कर बसविला. पहिल्या वर्षीं त्यांची खरेदी सरासरीनें शेंकडा ६ नें घटली, डिसेंबरांत ती घट १२ वर गेली, आणि गरीब घरांत ती सर्वांत अधिक होती. चिलीनें जून २०१६ पासून साखर, मीठ, चरबी अधिक असलेल्या पुड्यांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला, मुलांना भुरळ घालणारीं चित्रें त्यांवरून काढून टाकविलीं, आणि शाळांत त्यांची विक्री बंद केली. तेथें गोड पेयांची खरेदी सुमारें शेंकडा २४ नें उतरली. खरेदी उतरली म्हणजे लठ्ठपणा उतरला असें नव्हे. चाळीस वर्षें चढलेली गोष्ट चार-दोन वर्षांत खालीं येत नाहीं. आमच्या देशांत २२ सप्टेंबर २०२५ पासून जे नवे करदर लागू झाले, त्यांत गोड शीतपेयें शेंकडा ४० च्या सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलीं, हें योग्यच झालें. पण त्याच दिवशीं बिस्किटें व चॉकोलेटें यांवरील कर १८ वरून ५ वर आला. एक दार लावून शेजारची खिडकी उघडण्याचा हा प्रकार आम्हांस तरी उमगला नाहीं.

औषधांविषयीं थोडक्यांत. भूक शमविणारें सेमाग्लुटाइड हें औषध २०२१ सालीं अमेरिकेंत वजनासाठीं मंजूर झालें, आणि २०२५ सालीं त्या कामासाठीं आपल्याकडेही विक्रीस आलें. प्रयोगांत सव्वा वर्षांत सरासरी शेंकडा १५ वजन उतरलें. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरांत त्यांतील दोनतृतीयांश परत आलें. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना तें वरदान आहे. पण त्याची किंमत पाहतां, नाऊरूच्या कोळ्याला किंवा आमच्या चाळींतील आईला तें केव्हां मिळेल हा प्रश्नच आहे.

शेवटीं घर आणि शाळा. वर्गांतील स्थूल मुलाला टोपणनांव ठेवलें जातें, आणि तें पुढें त्याचें नांवच होऊन बसतें. असें मूल कवायतीच्या वेळीं मागें राहतें, मग खेळाला येईनासें होतें, मग आणखी जड होतें. डबाही कोपऱ्यांत बसून एकटेंच खातें. घरींही एक भाऊ सडपातळ व एक जाड असला, तर एकाच्या ताटांत तूप वाढून दुसऱ्याला बोल लावण्याची पद्धति आहे. पालकांस आमची विनंति अशी कीं, घरांत जो बदल करावयाचा तो सर्वांच्या ताटांत करावा. ३०० मिलिलिटर गोड शीतपेयांत सुमारें आठ चमचे साखर असते. तें घरांत न आणलें तर कोणालाच नाहीं म्हणावें लागत नाहीं. मधल्या सुट्टींत पांच रुपयांच्या पुडीऐवजीं दाणे-गूळ, चणे-चुरमुरे, केळें, उकडलेलें अंडें यांपैकीं कांहींही चालेल. शाळेच्या आवारांत व आवारापासून ५० मीटरांच्या आंत अति साखरेचे, मिठाचे व चरबीचे पदार्थ विकूं नयेत, असा केंद्र सरकारचा २०२० चा नियम आहे. फाटकापासूनचीं पावलें कोणीही मोजून पाहावीं.

पांच ते सतरा वर्षांच्या मुलानें रोज सरासरी साठ मिनिटें तरी घाम येईल असें खेळावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुष्कळ शाळांच्या वेळापत्रकांत खेळाचे तास आठवड्यांतून दोनच असतात. दहावीच्या वर्गांना तर दिवाळीनंतर तेही गणिताला जातात, आणि संध्याकाळीं मुलें पाठीवर दप्तर घेऊन शिकवणीच्या रिक्षेंत बसतात. पटांगण त्या वेळीं मोकळें असतें.